निळा पंजा

दहा वर्षांची रश्मी अपघातात गेली, त्याला वर्ष झालं. त्या दिवशी श्रावण अमरावतीच्या टॅटूवाल्याकडे गेला आणि लेकीचा पंजा खांद्यावर गोंदवून आला. घराला रंग देताना तिनं भिंतीवर निळा हात उमटवला होता, हुबेहूब तोच. पाची बोटं फाकलेली.

स्कूटीवर मागं बसली की ती तिथंच हात ठेवायची. एकदा दाबलं की हळू, दोनदा दाबलं की थांब, असं बापलेकीचं ठरलेलं. वलगावच्या वळणावर तिनं दोनदा दाबलं होतं. त्याला वाटलं, पोर मस्ती करते.

जागा खांद्यामागे, म्हणून मलम बायकोच लावायची. कोमट पाण्यानं धुवायचं, अलगद टिपायचं, खपली ओढायची नाही. आठव्या दिवशी ललिताचा हात थबकला.

"बोटं मिटून राह्यली वो."

"सूज उतरून राह्यली, दुसरं काय!"

बाराव्या दिवशी तिनं पाहिलं, बोटं खांद्यावर घट्ट मिटली होती. मलम लावलं आणि त्याच्या पाठीला कपाळ टेकून रडली.

खपल्या गळून गेल्यावर श्रावणनं वर्षाची धूळ पुसून स्कूटी बाहेर काढली. वलगावचं वळण आलं. ऊन रणरणत होतं, रस्ता मोकळा होता. खांदा दोनदा दाबला गेला.

त्यानं करकचून ब्रेक दाबला, दोन्ही पाय टेकले.

"थांबलो ना बेटा," तो म्हणाला. "पाह्य, थांबलो."

बोटं सैल झाली. मग मागची सीट हलकेच वर उठली, कुणी उतरल्यावर उठते तशी.