वरचा ओठ

तीस वर्षांपासून कुरुदातल्या वरातीच्या घोड्यांचे नाल मीच ठोकतो. पण माही सोताची घोडी, मैना, खुराले हात लावू देत नव्हती. मग मी तिच्या वरच्या ओठाले दोरीचा फास घालून पिळायचो. दुखण्यानं जनावर गप उभं राह्यते; माह्या बापानंही असंच केलं. मग घरात सून आली, भूमिका. ती रोज सकाळी मैनेच्या खांद्यावरून खाली हात फिरवायची, पाय क्षणभर उचलायची अन् घोडीनं ओढायच्या आधीच सोडून द्यायची. "असे लाड करून नाल लागत नाई," मी म्हटलं. "घाई कावून करता, मामाजी? तिले भेव वाटते," ती म्हणाली. दोन महिन्यांत भूमिकेचा हात लागला की मैना आपणच पाय द्याले लागली. सारी गल्ली पाहाले जमायची. घोडी माही, दाणा मी चारतो, अन् ही खिंकाळते सुनेले पाहून! काल भूमिका माहेरी बोरसीले गेली. मी दोरी खुंटीवरच राहू दिली अन् तिच्यासारखाच खांद्यावरून हात फिरवत खुरापर्यंत आणला. मैनेनं पाय उचलला, अलगद माह्या मांडीवर ठेवला. मले हसू फुटलं. पाहून घे म्हणा सुनबाईले! मग मी वर पाहिलं. डोळे मिटून, वरचा ओठ घट्ट आत ओढून मैना दोरीची वाट पाहून राहिली होती.