ताईची कुपी

“लेखात आमच्या बँकेचं नाव आल्याशिवाय कुपी मिळणार नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज टेबलावरून परत सरकवला.

समोरची तरुण डॉक्टर उठली नाही. “बाई, दुसरं पान तरी वाचा.”

बाईंनी चष्मा लावला. निवृत्तीला आठ दिवस उरले होते. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाची ही नमुन्यांची बँक सांभाळली होती. रुग्णांनी संशोधनासाठी दिलेलं रक्त, गाठींचे तुकडे, सगळं बोटभर कुप्यांमध्ये, उणे ऐंशी अंशांवर. वीज गेली, की घरात मेणबत्ती लावायच्या आधी त्या इकडे फोन करत. अगदी सुरुवातीला एका नामांकित डॉक्टरांनी चाळीस कुप्या नेल्या होत्या. त्यांचा लेख खूप गाजला. बाईंनी तो शेवटच्या तळटीपेपर्यंत तीनदा वाचला. बँकेचा उल्लेख कुठेच नव्हता. जणू कुप्या आभाळातून पडल्या होत्या! तेव्हापासून कुणाचाही अर्ज आला, की बाईंना त्यात काही ना काही खोट सापडायची.

“तुझ्या बँकेत नुसतं ठेवायचं, काढायचं नाही,” ताई चिडवायची. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आजार कळला त्याच आठवड्यात तिने आपली कुपी दिली होती. मग दर भेटीत तेच. “काय गं धाकटे, माझी कुपी कुठवर पोचली? मी काही या स्वयंपाकघराच्या पलीकडे गेले नाही. ती तरी हिंडू दे.”

“अगदी सुरक्षित आहे, ताई.”

“सुरक्षित तर मीही होते.”

शेवटच्या महिन्यात ताई वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर होती. तिने पुन्हा विचारलं, तेव्हा तिचा आवाजही धड फुटत नव्हता. बाईंच्या तोंडून निघून गेलं, “गेली गं. लांब गेली. तुझ्याच कुपीवर काम चाललंय.” ताई उशीवरून अर्धी उठली. “खरं?” म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. खोटं बोलले, पण ती समाधानाने गेली, एवढ्या एका वाक्यावर बाईंनी पुढची अकरा वर्षं काढली होती.

दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं. बँकेचं नाव लेखाच्या पहिल्याच पानावर, संशोधकांच्या नावांखाली छापलं जाईल. तिथे आणखी सहा बँकांची नावं होती. त्यांनी आपापल्या कुप्या एकत्र केल्या होत्या.

“तुमच्या यादीत या आजाराच्या एकोणीस कुप्या आहेत,” डॉक्टर म्हणाली. “पहिली जुनी. बाकीच्या अठरा एकाच वॉर्डातल्या, एकाच महिन्यातल्या. असा संच कुठेच नाही, बाई. कसा जमवलात?”

“मी कुठला जमवते! येत गेल्या, ठेवत गेले.” बाईंनी शेवटची खोट काढून पाहिली. “पण शेवटची कुपी आम्ही कुणाला देत नाही.”

“यातली पहिलीसुद्धा अजून कुणाला दिलेली नाही, बाई.”

बाईंनी सही केली.

शीतकपाट उघडलं, तशी थंड वाफ गुडघ्यांवर उतरली. रांगेत पहिली ताईची कुपी होती. बाईंनी तिच्यावरची बर्फाची साय हातमोज्याने पुसली आणि ती बर्फाच्या पेटीत ठेवली. मागोमाग बाकीच्या अठरा. कुप्यांवर नुसते आकडे असत. नावगाव आणि संमतीपत्र बंद लिफाफ्यात. कुपी बाहेर जाताना लिफाफा उघडून संमती तपासायची, असा नियम होता. बाईंनी कुप्या बाहेर जाऊच दिल्या नाहीत, म्हणून हे लिफाफे आजवर कुणी उघडले नव्हते.

दोघी टेबलाशी बसून एकेक फोडू लागल्या. ‘नमुना का देत आहात?’ या प्रश्नापुढे परिचारिकेचं गोल अक्षर होतं. बाईंनी वाचलं, ‘सात नंबरच्या ताईंची कुपी कामाला आली, म्हणून.’ दुसरा फोडला. ‘सात नंबरच्या ताईंनी सांगितलं, म्हणून.’ तिसऱ्यात, ‘त्यांची गेली तशी माझीही जावी.’ चौथा लिफाफा बाईंनी न फोडताच डॉक्टरपुढे सरकवला. उरलेले डॉक्टरनेच फोडले. अठराही जणींचं कारण एकच होतं.

“कमाल आहे!” ती म्हणाली. “बाई, या सात नंबरच्या ताईंची कुपी तेव्हा कुणी नेली होती?”

बाईंनी बर्फाच्या पेटीतल्या पहिल्या कुपीवर बोट ठेवलं.

“तू नेते आहेस,” त्या म्हणाल्या. “आज.”