टाकीतला अंधार

माशांच्या टाकीतल्या दिव्याचं बटण चारच्या आकड्यावरच ठेवायचं, जास्त उजेडानं शेवाळ माजतं, हे आजोबांनीच नातीला शिकवलं होतं. पण महिनाभर त्यांना टाकी अधूनमधून अंधारलेली दिसे. नात खोड्या काढते असं समजून ते गुपचूप बटण एकेक खटका वाढवत. आता पानापानावर शेवाळ चढलं, तिनं हौसेनं लावलेली रोपं कुजू लागली.

"आजही उजेड कमी केलास ना? खरं सांग, रागावणार नाही."

"आईशप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!" नात रडवेली झाली.

आजोबांनी बटण फिरवलं. ते पुढे सरकेचना.

 

नात वाकून आकडा बघत म्हणाली, "आजोबा, दिवा पार दहावर आहे. माझे तर डोळे दिपताहेत."