दोन खुंट्या

तनुजाने कॅन्सरची चाहूल घेणाऱ्या फुंकणीत रोजच्यासारखा श्वास सोडला, ती आपल्या नावाच्या खुंटीला अडकवली आणि आंघोळीला गेली. अर्ध्या तासाने फुंकणीवर दिवा लागला असता, आणि गेलं वर्षभर लागत होता तसा लालच. आजी आणि मावशी तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या, त्यात हा दिवा. तिने लोणचं, पापड, सुकट सगळं सोडलं होतं, दर महिन्याला दंडात औषधाच्या सुया टोचून घेतल्या होत्या. ठरलेलं लग्नही त्या दिव्यापायी मोडलं. आईच्या खुंटीवर मात्र रोज हिरवा.

टॉवेल राहिला म्हणून ती परत आली. आईच्या एका बोटावर मिश्री होती आणि दुसऱ्या हाताने ती दोन्ही फुंकण्यांची अदलाबदल करत होती.

“आई, म्हणजे तो लाल दिवा तुझा?”

“मिश्री काय तंबाखू आहे का? दात घट्ट राहतात तिनं. पण त्या मेल्या यंत्राला कोण सांगणार! ते लगेच बंद करायला लावतं.”

“आणि माझं लग्न?”

“तुला पथ्य जमतं गं. मला नाही जमत.”

तनुजाला वाटलं, हिला आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढावं. पण वर्षभराच्या सुया चुकीच्या दंडात गेल्या होत्या.

“आ कर,” ती म्हणाली.

आईने तोंड घट्ट मिटून घेतलं.