तुंगाबाईंच्या खारी

"ये ग चिन्ना, ये!" तुंगाबाई पायरीवर बसून हाका मारत होत्या. तळहातावर भिजवलेले शेंगदाणे होते. पेरूच्या झाडावरून एकच खार उतरली. बाकीच्या कुठे गेल्या ते कुंपणापाशी भांडणाऱ्या कावळ्यांना ठाऊक असावं. त्यातल्या एकाच्या चोचीत शेपटीचा झुपका होता.

म्हैसूरला, हिनकलच्या त्या कॉलनीत खारींना हातावर खाऊ घालणाऱ्या तुंगाबाई एकट्याच. नवरा गेल्यावर त्यांनी हा नाद लावून घेतला होता. रामरायाची बोटं पाठीवर मिरवणारा जीव, त्याने माणसाला भ्यायचं काय कारण? असं म्हणत त्यांनी खपून खपून एकेकीची भीती घालवली. पुढे पुढे खारी मांडीवर चढू लागल्या. शेजारीपाजारी बघायला येत आणि तुंगाबाई फुलून जात.

आता अंगण ओस पडत चाललं होतं. त्यांनी आधी गटारातल्या मुंगसाला शिव्या घातल्या, मग आकाशातल्या घारीला. मुलाने, चिदंबरने, झाडावर जाळी बांधली. तरी खारी जातच राहिल्या. उरलेल्या एकीची पिल्लं वळचणीला होती. ती गेली की पिल्लंही गेलीच. या धास्तीने तुंगाबाईंना घास गोड लागेना.

त्या दुपारी पूजा लांबली. शेंगदाण्यांची वाटी घेऊन त्या दाराशी आल्या नि थबकल्या. त्यांच्याच पायरीवर, त्यांच्याच जागी एक बोका बसला होता. दबा धरून नव्हे, चांगला उघड्यावर. तुंगाबाई बसत तसा, गप्प, हालचाल न करता. आणि खार झाडावरून उतरून तुरुतुरु त्याच्याकडे निघाली होती.

तुंगाबाई किंचाळल्या. सून नमिता काठी घेऊन धावली, तसा बोका भिंतीवरून पसार झाला. खार मात्र झाडाकडे पळाली नाही. ती तुंगाबाईंच्या पायाशी आली, दोन पायांवर उभी राहिली आणि दाणे मागू लागली.

तुंगाबाईंनी नमिताच्या हातातली काठी ओढून घेतली.

"अय्यो अत्ते, बोका तिकडे गेला की!"

"तो उद्या परत येणार की ग. हिला भ्यायला कोण शिकवणार?"

तुंगाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी काठी उचलली आणि खारीच्या शेपटीवर सपकन हाणली.