दुरुस्त आकाश

अंटार्क्टिकाच्या तळावरून मृणालिनी केळुसकरांनी सोडलेल्या फुग्याने ओझोनचा आकडा कळवला : एकशेदहा. मुख्यालयातील यंत्रणेने तो अशक्य ठरवला आणि त्याच्या जागी तीनशेची जुनी सरासरी बसवली. अशा रीतीने गेली सहा वर्षे आकाश निरोगी होते.

"विमान पाठवा. या उन्हाने आमच्या तंत्रज्ञ तांडेलांचे डोळे भाजलेत, दृष्टी जाईल त्यांची!" मृणालिनी स्पीकर लावलेल्या फोनवर कडाडल्या.

"मॅडम, ओझोन तीनशे असताना डोळे भाजत नाहीत," मुख्यालयातला अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला. "यंत्रणेने वैद्यकीय अहवालही दुरुस्त केलाय. तांडेल ठणठणीत आहेत."

खाटेवरच्या तांडेलांनी डोळ्यांवरची पट्टी चाचपली.

"ऐकलंत ना, बाई? उठतो मी. फक्त दार कुठल्या बाजूला आहे, तेवढं साहेबांना विचारा."