चार तासांची अट

"ही मशीन मले दुपारी डोळा लावू देत नाही," भिंतीकडे तोंड करून सिंधुताई पुटपुटल्या. "महिन्यात एकच दिवस काय ती झोप लागली."

"माय, पाहुणे बसले आहेत," नरेश म्हणाला.

पाहुणा एकच होता, मोहित. त्याच्या रायपूरच्या कंपनीकडून नरेश घाऊक इंटरनेट घ्यायचा आणि खोलीतल्या या एका मशीनमधून बोरसीपासून अहिवाऱ्यापर्यंत घरोघरी सोडायचा. करार समोर उघडा होता. लाइन सलग चार तासांवर बंद राहिली, तर पुढचे सहा महिने दर निम्मा.

"भैया, उस दिन केबल बारा बजे कटी," मोहित म्हणाला. "तीन पैंतीस को हमने जोड़ दी. आपकी मशीन ही नहीं उठी."

"उठन कशी? चार दहापर्यंत लाइन मेलेली होती." नरेशनं बायकोकडे हात केला. "दामिनी, तो फोन दे ना जरा."

फोन तिच्या बाबांचा होता. त्यांना जाऊन बारा दिवस झाले होते, तरी ती तो रोज चार्जिंगला लावायची. अहिवाऱ्याच्या त्यांच्या घरात मोबाइलची रेंज नव्हती, म्हणून नरेशनंच सासऱ्यांना नेट बसवून दिलं होतं. "काही लागलं तं नेटवरून फोन करा, मामाजी," असं बजावूनही आला होता.

नरेशनं स्क्रीन मोहितपुढे धरली. केबल तुटली त्या दुपारी दामिनीला लावलेले अकरा कॉल. पहिला तीन चाळीसला, शेवटचा चार पाचला. एकही लागला नव्हता. या कॉलबद्दल बारा दिवसांत घरात कोणी शब्द काढला नव्हता.

"माणूस छाती धरून पोरीले फोन लावून राहिला होता," नरेश म्हणाला. "लाइन चालू असती तं लागला नसता का?"

त्यानं डोळे पुसले. दामिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मोहितनं निम्म्या दराचा कागद ओढून सही केली आणि दामिनीपुढे हात जोडले. "माफ करना, दीदी. गलती हमारी थी."

सिंधुताईंनी कूस बदलली. मोहितचे डोळे पाहून त्यांना राहवेना.

"कायले जिवाले लावून घेतं, बापू? तुमची लाइन तं आली होती. हिरवा दिवा लागला, तसं नरेशनंच मशीनचं बटन बंद केलं. म्हणे, माय, आता चार वाजून जाईपर्यंत निवांत झोप."